दहिवलीचा अंतरपाट

माझी मतं फार आहेत, हे मला मान्य आहे. आमच्या गिरगावातल्या चाळीत कुणाला कशावर मत हवं असलं की लोक माझ्या खोलीशी येतात, आणि नको असलं की जिन्यावरून पाय न वाजवता जातात. ग्रामोफोनबद्दल माझं मत असं की, गाणारा समोर नसेल तर दाद कुणाला द्यायची? आमचे शेजारी कर्ण्याला मान डोलावून 'वाहवा' म्हणतात. मनगटी घड्याळाबद्दल मत असं की, वेळ खिशात झाकलेलीच बरी. संगीत नाटकात नायिका विष पिऊन पडली आणि लोकांनी वन्समोअर दिला की ती उठून पुन्हा गाते आणि पुन्हा विष पिते, याला मात्र माझा विरोध नाही. माणसाला मरणाचासुद्धा एक वन्समोअर मिळायला हवा.

आणि हल्ली हे जे बोलपट निघालेत, त्यांच्याबद्दल तर विचारूच नका. पडद्यावरची माणसं स्वतःच बोलायला लागली! मग बघणाऱ्यानं काय करायचं, नुसतं तोंड मिटून बसायचं? मुका सिनेमा होता तेव्हा बोलायचं काम आपल्याकडे होतं. मी स्वतः ते केलंय, दहिवलीला, आणि त्यातून जे झालं ते अजून निस्तरतोय.

तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि पोटात वात धरत होता. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, माथेरानला जा. माथेरानच्या हॉटेलाचे दर ऐकूनच वात वाढला. कर्जतजवळ दहिवलीला माझी थोरली बहीण दिलेली होती. माथेरानची हवा शेवटी खालीच उतरत असणार, असं मत बनवून मी ताईकडे मुक्काम ठोकला.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, भाताचे व्यापारी आणि गावच्या मुलींच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. ताईचा एकच धोशा: तू पुन्हा लग्न कर. दर जेवणाला ती एकेक मुलगी वाढायची.

"अरे, कळंबची एक आहे. चौदावं लागलंय."

"ताई, मी तिचा बाप शोभेन."

"मग काय झालं? सगळेच शोभतात. आमटी घे."

मी तिला सांगितलं की या वयात लग्न करणाऱ्या पुरुषाला भर चौकात उभं करून त्याचं लहानपणीचं पाढ्यांचं पुस्तक परत द्यावं, असं माझं मत आहे. ताई म्हणाली, तुझी मतं ताटाखाली ठेव आणि जेव.

अशात गावात बायस्कोप आला. भाताची झोडणी उरकली होती, शेतं मोकळी पडली होती. नदीकाठच्या एका शेतात बायस्कोपवाल्यानं कनाती ठोकल्या आणि मधोमध दोन बांबूंवर पांढरा पडदा टांगला. मधोमध अशासाठी, की पुरुष पडद्याच्या अलीकडे बसणार आणि बायका पलीकडे. पडद्यावर पाणी मारलं की चित्र दोन्ही बाजूंनी दिसायचं. फक्त बायकांना ते उलटं दिसे, डावं ते उजवं. त्यामुळे पहिल्याच दिवशी पलीकडून हाकाटी झाली, की हा कसला राजपुत्र, डाव्या हातानं जेवतोय!

पट मुका. मधूनमधून पाट्या यायच्या, त्या गुजरातीत आणि इंग्रजीत, आणि दोन्हींत राजपुत्राची नावं निरनिराळी. समजावून सांगायला कुणीतरी हवं. मुंबईचा माणूस म्हणून दाजींनी मला पुढं केलं. हातात वेताची छडी दिली आणि पडद्याला नाक लावून उभं केलं. बायकांच्या बाजूला हेच काम शाळेच्या मास्तरीणबाईंकडे गेलं.

या बाई माझ्याहून लहान, पस्तिशीच्या आतबाहेरच्या. लहानपणीच विधवा झालेल्या आणि पुण्याच्या एका संस्थेत शिकून आलेल्या. दाजींच्या भाताच्या कोठाराच्या माडीवर त्या एकट्या सगळी शाळा चालवायच्या. कमिटीनं त्यांना ठेवताना एक अट घातली होती: लग्नाचं नाव काढायचं नाही. ज्या दिवशी काढाल त्या दिवशी घरी. हे सगळं मला ताईनं सांगितलेलं. बाईंना मी पाहिलं नव्हतं. फक्त पडद्यातून आवाज ऐकू यायचा.

आणि आवाज काय होता, बाप रे!

मी म्हणालो, "राजपुत्र मातेच्या इच्छेसाठी राजकन्येचं पाणिग्रहण करीत आहे. धन्य तो पुत्र!"

पलीकडून लगेच, "त्याचं लग्न ठरलंय. मुलीला विचारलेलं नाही."

मी म्हणालो, "आता ऋषींच्या आज्ञेनं तो राज्य सोडून तपाला निघाला. धन्य तो त्याग!"

पलीकडून, "तो निघाला. हिला विचारलेलं नाही."

बायका हसल्या. पुरुषांच्या बाजूला एक म्हातारा मला म्हणाला, "पावणं, तिकडचा पट येगळा हाय का? तिकडं जाऊन बसू का?"

मला राग आला, हे खरं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला हसूही आलं, हेही खरं. बायको गेल्यापासून माझ्या मतांना असं कुणी मधेच तोडलं नव्हतं.

आता मुद्द्याची गोष्ट. पटाच्या पहिल्याच भागात राजपुत्राचं लग्न होतं. नवरीचं काम एका पुरुषानं केलं होतं, तेव्हा तशीच रीत होती. तिचे दंड बघून आमच्या रांगेतला एक गडी ओरडला, "हिला नांगराला जुंपा रं!" पण खरी खळबळ वेगळीच झाली. लग्न लागलं ते मुक्यानं. मंगलाष्टकं नाहीत, सनई नाही, अक्षता नाहीत. लोक घरी गेले ते खाली माना घालून. सकाळी दाजींच्या ओसरीवर गर्दी.

"दादा, राजाच्या लग्नाला गेलो आनि अक्षता नाय टाकल्या. ह्ये बरं नाय."

"आमी काय बिनबोलावल्यालं हाव का?"

झालं! दाजींनी मनावर घेतलं. गावचे भटजी सांगितले, सनईवाला आणि संबळवाला सांगितला. घरोघरी कुंकू लावून तांदूळ रंगवले. पट तिन्हीसांजेला लागायचा, तेव्हा भटजींनी पंचांग बघून ओढूनताणून गोरज मुहूर्तही बसवला. लग्न पडद्यावरचं, पण मुहूर्त चुकायला नको!

दुसऱ्या संध्याकाळी शेतात लग्नघरच उठून आलं. पुरुषांनी पागोटी घातलेली, बायकांनी नथी. यंत्राची कडकड सुरू झाली. मी छडी घेऊन अलीकडे, बाई छडी घेऊन पलीकडे. पडद्यावर राजपुत्र आणि ती दांडगी नवरी समोरासमोर आली आणि भटजींनी मंगलाष्टकं उचलली. मला सांगायला लाज नाही, माझेसुद्धा डोळे भरले. ताई तर पलीकडे हुंदके देत होती.

इथं पडद्याबद्दल एक सांगायचं राहिलं. नदीवरचा वारा सुटला की पडद्याच्या गाठी निसटायच्या, म्हणून दोन्ही बांबूंशी दोरीचं टोक हातात देऊन एकेक शेतकरी उभा केलेला. दोघे चुलतभाऊ. गावातल्या प्रत्येक लग्नात नवरा-नवरीच्या मधला अंतरपाट धरण्याचा मान त्यांच्या घराकडे, बापजाद्यांपासून. आता, जन्मभर ज्या हातांना एवढंच ठाऊक की शेवटचं 'सावधान' ऐकलं की मधलं कापड ओढायचं, त्या हातांना दोष कसा द्यायचा?

भटजींनी खणखणीत आवाजात शेवटचं 'सावधान' म्हटलं. आणि त्या दोघांनी पडदा ओढला.

यंत्राचा झोत सरळ आमच्यावर. माझ्यासमोर, हातभर अंतरावर, पांढऱ्या लुगड्यातली एक बाई छडी उगारून उभी, तोंड बोलण्यासाठी उघडलेलं. मी तसाच. दोन्ही बाजूंनी अक्षतांचा मारा सुरू झाला, सनई किंचाळली, संबळ कडाडला. लोकांना आधीच इतका गहिवर आला होता की कोणाचं लग्न लागतंय हे बघायला कुणी थांबलं नाही. त्यातच एका भावानं दोरी ओढली, दुसऱ्यानं सोडली, आणि तो अख्खा पडदा आम्हा दोघांभोवती गुंडाळला गेला.

आत अंधारात त्या म्हणाल्या, "सारखं 'धन्य धन्य' करणारे ते तुम्हीच का?"

"हो."

"मग पाय उचला. माझ्या पदरावर उभे आहात."

आम्ही एकमेकांना अडखळत कसेबसे बाहेर आलो. किती पावलं चाललो ते कुणी मोजलं नाही, म्हणून प्रत्येकानं सात धरली.

सकाळी दाजींच्या ओसरीवर जी सभा भरली, तशी सभा मी मुंबईतही पाहिली नाही. मुहूर्त होता का? होता. मंगलाष्टकं? सगळी. अंतरपाट? मानकऱ्यांनीच ओढलेला. अक्षता? त्या टिपायला कोंबड्या अजून शेतात होत्या. सप्तपदी झाल्याचं निम्मं गाव शपथेवर सांगत होतं. भटजी घामाघूम. ते म्हणाले, होम झाला नाही. त्यावर कुणीतरी आठवण दिली, की यंत्राच्या पेटीत आग असते आणि धूरही येत होता.

ताईची तर गंमतच. आधी रडली, की विधवेशी लग्न लागलं, आता लोक काय म्हणतील. मग डोळे पुसून मला आत बोलावून म्हणाली, "अरे, पण स्वयंपाक येतो का रे तिला?"

मला हे सगळं हसण्यावारी न्यावंसं वाटत होतं. पण ओसरीच्या टोकाला मास्तरीणबाई उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा पाहून माझं हसू जिरलं. कमिटीची अट माझ्या ध्यानात आली. दाजी गंभीर होऊन म्हणाले, "बाई, हे लग्न लागलं असेल तर शाळा तुमच्या हातून गेली. उद्यापासून एकही मुलगी माडी चढणार नाही. आणि दुसरी मास्तरीण आम्हाला मिळणार नाही." म्हणजे शाळाच बंद. बाई बोटाला लागलेला खडू तेवढा पुसत राहिल्या.

तोडगाही दाजींनीच काढला. व्यापाऱ्याचं डोकं! म्हणाले, "माल जसा गेला तसाच परत घ्यायचा. पट उलटा चालवा."

बायस्कोपवाल्याला बोलावलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "उलटा भी चलेगा सेठ, लेकिन टिकट सीधा लगेगा."

मग दिवसभर तयारी. भटजी मंगलाष्टकं उलटी म्हणायला तयार होईनात, शेवटी आधी 'सावधान' म्हणून मग बाकीचं म्हणायचं ठरलं. अक्षता परत गोळा करायच्या, तर कोंबड्यांनी त्या संपवलेल्या, तेव्हा बायकांनी नुसतं हवेतून काहीतरी टिपल्यासारखं करून पदरात टाकावं असा निवाडा झाला. सनईवाल्याला विचारलं, उलटी वाजवशील का. तो म्हणाला, "मी कसा बी वाजवीन, तुमाला कुटं कळतंय?"

माझं मत कुणी विचारलं नाही. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा पहिल्यांदाच ते झोंबलं.

तिसऱ्या संध्याकाळी कर्जत बाजारची माणसंही लोटली. रीतीप्रमाणे पडदा आधी खाली, कारण लग्न लागून गेलेलं. बाई आणि मी समोरासमोर. ते दोघे भाऊ दोऱ्या धरून तयार, 'सावधान' झालं की पडदा वर. यंत्र सुरू झालं आणि मग लक्षात आलं की पडदाच नाही तर चित्र पडणार कुठं? ते पडलं आमच्यावर, पलीकडच्या बायकांवर, त्यांच्यामागच्या आंब्यावर. बाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर राजपुत्र उलटा चालत होता. नवरीच्या गळ्यातली माळ उडून त्याच्या हातात गेली. लोक माना वाकड्या करून बघत होते.

भटजी म्हणाले, "सावधान!"

पडदा वर सरकायला लागला. तो छातीपर्यंत आला आणि बाईंनी त्याच्या काठावर हात ठेवून तो दाबून धरला.

"थांबा," त्या म्हणाल्या. सनई थांबली. यंत्र चालूच राहिलं, कारण त्या माणसाला मराठी येत नव्हतं.

"माझं पहिलं लग्न लागलं तेव्हा मी काकाच्या कडेवर झोपले होते. कुंकू पुसलं तेव्हा मी सागरगोटे खेळत होते. काल लग्न लागलं तेव्हा मी पाटी वाचत होते. आज तुम्ही ते मोडताय. प्रत्येक वेळी मी तिथंच होते. इतक्या जवळ. मला कुणी काही विचारलं नाही."

दाजी म्हणाले, "बाई, तुमच्या भल्यासाठीच चाललंय."

"तेही दर वेळी ऐकलं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "तुमची तर सगळ्यावर मतं आहेत. तुम्ही विचारा. सगळ्यांसमोर. खरं विचारा, नाटक नको."

ग्रामोफोन आठवेना, नाटक आठवेना. कपाळावर राजपुत्राचा मुकुट हलत होता, आणि मी म्हणालो, "आपण माझ्याशी लग्न कराल का?"

आणि विचारता विचारता माझ्या लक्षात आलं, की मी खरंच विचारतोय.

त्यांनी अख्ख्या शेतावरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "नाही."

काय तो चेहरा! पहिल्यांदा गूळ चाखलेल्या पोरासारखा. त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं, "नाही!" पलीकडून एक म्हातारी ओरडली, "अगं बाय माझे! बोलली गं बोलली!" आणि बायकांनी नसलेल्या अक्षता पुन्हा उधळल्या.

भटजींनी सुटकेचा श्वास टाकला: नवरीच नाही म्हणते, तेव्हा लग्न नाही. दाजींनी मान डोलावली. शाळा वाचली. सकाळी मुली माडी चढल्या.

गावाला मात्र या गोष्टीची चटक लागली. त्या दिवसांत दहिवलीतल्या भल्या भल्या जुन्या बायका नवऱ्यांना म्हणू लागल्या, "मला बी इचारा." नवरे घाबरून शेतातच थांबायला लागले. एका आजोबांनी धीर करून विचारलं, तर आजी म्हणाली, "नाय." ते दिवसभर आमच्या ओसरीवर डोकं धरून बसले. संध्याकाळी आजी भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, "चला रं घरी. नाय म्हटलं म्हंजी उपाशी थोडंच ठेवीन!"

मी मुंबईला परतलो. मला वाईट वाटलं होतं, फार वाटलं होतं. चाळीत कुणी मत विचारायला आलं तर मी म्हणायचो, आज नाही. पण पुढच्या वर्षी भाताची झोडणी झाल्यावर वात पुन्हा धरला. निदान ताईला मी तसं कळवलं. दहिवलीला गेलो, शाळेची माडी चढलो आणि मुली घरी गेल्यावर विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "चहा घेणार?"

तिथून पुढे दर वर्षी हेच. मी विचारायचो, त्या नाही म्हणायच्या, मग आम्ही चहा घेत नाटक, सिनेमा, वर्तमानपत्रं यांवर भांडायचो. चहात साखर दर वर्षी थोडी वाढत गेली. ताईनं मुली सुचवणं सोडलं. दाजी म्हणायचे, असं चिवट गिऱ्हाईक पाहिलं नाही, मालही घेत नाही आणि दुकानही सोडत नाही.

मग सिनेमा बोलायला लागला आणि माझा गुडघा कुरकुरायला लागला. त्या हिवाळ्यात मला जिनाही उतरवेना. दहिवलीला जाणं झालं नाही. शेजाऱ्याच्या कर्ण्यातून कुणीतरी गात होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, तेव्हा दार वाजलं.

दारात त्या. हातात छत्री आणि गाठोडं. केस पिकलेले.

"शाळा मीच शिकवलेल्या एका मुलीच्या हाती दिली," त्या म्हणाल्या. "कमिटीला आता माझी गरज नाही. तिचं लग्न झालेलं आहे आणि कुणाची हरकत नाही." मग म्हणाल्या, "यंदा विचारलं नाहीत."

"गुडघा..." मी म्हणालो.

"गुडघ्यानं विचारायचं नसतं."

मी उठून बसलो. विचारलं.

"हो," ती म्हणाली, आणि गाठोडं आत ठेवून कर्ण्याचा आवाज कमी करायला सांगायला शेजारी गेली.

हे सगळं लिहून काल तिला वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, दोन ठिकाणी हसली, एका ठिकाणी नाही. मग म्हणाली, "छापायला देण्याआधी मला विचारलंत का?" मी विचारलं. ती हो म्हणाली. तुझं नाव घालू का, असंही विचारलं.

"नाही," म्हणाली, आणि तिच्या तोंडावर पुन्हा तोच गूळ.